श्रावणात दारू बंद केली की तिसऱ्या रात्री भास का होतात?

प्रश्न : माझे यजमान ४९ वर्षांचे असून वीस-बावीस वर्षे रोज संध्याकाळी दारू पितात आणि दिवसभर विड्या ओढतात. श्रावण मात्र पाळतात. गेल्या वर्षी आषाढी अमावास्येनंतर दारू बंद केली तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यांचे हात थरथरू लागले, तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या आणि ते मला ओळखेनासे झाले. सासूबाईंनी बाहेरची बाधा समजून उतारा टाकला. शेवटी दिरांनी घोटभर दारू पाजली तेव्हा ते शांत झाले. अलीकडे त्यांना विसरही पडतो. यंदा दारू आणि विडी दोन्ही सोडायचे म्हणतात. सोडू द्यावे का?
– एक भगिनी, तासगाव तालुका, जि. सांगली

उत्तर : दोन्ही सोडू द्यावे, परंतु दारू घरच्या घरी एकाएकी बंद करू देऊ नये. आपण वर्णन केलेली अवस्था बाधा नव्हे. तिला वैद्यकशास्त्रात ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास ती जिवावर बेतू शकते.

मेंदूतील पेशींना शांत करणारे ‘गाबा’ आणि त्यांना चेतवणारे ‘ग्लुटामेट’ ही दोन रसायने एरवी परस्परांना तोलून धरतात. दारू पहिल्याचा प्रभाव वाढवते आणि दुसऱ्याचा दाबते, म्हणून प्यायल्यावर सैल वाटते. हे वर्षानुवर्षे रोज घडू लागले की मेंदू तोल सावरण्यासाठी स्वतःची शांत होण्याची क्षमता घटवतो आणि चेतना वाढवून ठेवतो. अशा मेंदूवरची दारू अचानक काढून घेतली की उरते ती केवळ बेलगाम चेतना. त्यातून काही तासांत थरथर व घाम, पहिल्या दोन दिवसांत कधी फिट, आणि साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान भास व भ्रम होतात. दिरांच्या घोटाने आराम पडला तो याच कारणाने, पण तो उपचार नव्हे. रुग्णालयात ही चेतना आवरणारी औषधे पुरेशा मात्रेत देऊन काही दिवसांत क्रमाने कमी करतात.

विसराळूपणाची मला अधिक काळजी वाटते. नित्य मद्यपानाने, आणि त्यासोबतच्या अपुऱ्या आहाराने, शरीरातील ब-१ जीवनसत्त्व म्हणजे थायमिन घटते. १८८१ मध्ये कार्ल वेर्निके यांनी गोंधळलेले मन, डोळ्यांच्या हालचालीतील दोष आणि तोल जाणे ही लक्षणे वर्णन केली. १८८७ मध्ये सर्गेई कोर्साकोव्ह यांनी स्मृतिभ्रंशाचे चित्र मांडले, ज्यात रुग्ण आठवणीतील रिकाम्या जागा नकळत कल्पित गोष्टींनी भरतो. दोन्हींच्या मुळाशी हीच कमतरता असते. आपल्याकडे अशक्तपणा आला की ग्लुकोजचे सलाईन लावून घेण्याची सवय आहे. परंतु थायमिन न देता नुसते ग्लुकोज दिल्यास अशा रुग्णाचा मेंदू आणखी अडचणीत येऊ शकतो, हे सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात आणून देण्यास संकोच करू नये. दारू कायमची सुटल्यास काही महिन्यांत स्मरणशक्ती बरीच सुधारू शकते. कोर्साकोव्हची अवस्था पक्की झाल्यास मात्र ती पूर्ववत होणे अवघड असते.

विडीची गोष्ट वेगळी. झुरक्यातील निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचून सुखद संवेदना देणारे डोपामिन सोडवते, म्हणून ओढ इतकी तीव्र असते. ती सोडल्यावर चिडचिड, अस्वस्थता व झोपमोड होते, पहिल्या आठवड्यात सर्वाधिक. पण जिवाला धोका नसतो, त्यामुळे ती दारूबरोबरच सोडता येते. सोडणे हिताचेही आहे, कारण धूम्रपानाने मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो, शिवाय विडी आणि पेला एकमेकांची आठवण करून देतात.

अमावास्येची वाट न पाहता त्यांना मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे, आणि तोवर त्यांनी स्वतःहून दारू एकदम थांबवू नये. गेल्या वर्षीची तिसऱ्या रात्रीची हकीकत तेथे आवर्जून सांगावी; ज्याला एकदा असा भ्रम झाला आहे त्याला तो पुन्हा होण्याचा धोका अधिक असल्याने डॉक्टर त्यांना दाखल करूनच दारू सोडवण्याचा निर्णय घेतील, असे मला वाटते.