हॉट-स्वॅप ट्रेमधली हार्ड डिस्क मधेच गायब होते, डिस्क गेली की ट्रे?

तुम्ही म्हणताय की वास्कोला घरच्या पीसीत हॉट-स्वॅप ट्रेमधली (पीसी चालू असतानाच डिस्क आत-बाहेर करायचा खण) ४ टीबीची डिस्क मोठी फाइल कॉपी करताना मधेच गायब होते, ट्रे ओढून परत आत ढकलला की दिसते, आणि दुकानवाला म्हणतो डिस्क गेली, नवी घ्या. नवी घ्यायची घाई करू नका हो, पण आधी जी फाइल दुसरीकडे कुठेच नाही ती कॉपी करून घ्या, आणि तोवर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं टूल) अजिबात चालवू नका, मरायला टेकलेल्या डिस्कवर ते तासन्‌तास रगडत बसतं आणि होती ती डिस्कही जाते.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो टाका, डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट आहे. त्यात ०५, सी५, सी६ या ओळी प्लॅटरच्या, म्हणजे आतल्या फिरत्या तबकडीच्या तब्येतीच्या, खराब झालेले किंवा वाचता न येणारे सेक्टर (तबकडीवरचे डेटाचे छोटे कप्पे) तिथे दिसतात. सी७ मात्र वेगळी, तो आकडा केबल किंवा कनेक्टरमधून डेटा जाताना झालेल्या चुकांचा. उजवीकडचे आकडे आधी हेक्समध्ये (०-९ आणि ए-एफ वापरून लिहिलेले) असतात, सेटिंगमधून डेसिमल, म्हणजे आपले नेहमीचे, करून घ्या नाहीतर उगाच घाबराल. आणि सी७ कधीच शून्यावर परत येत नाही, त्यामुळे जुना आकडा बघून काही कळत नाही, आज लिहून ठेवा आणि कॉपी केल्यावर वाढला का ते बघा.

सी५ शून्य आणि सी७ वाढतोय तर माझा संशय ट्रेवर. पीसी बंद करून डिस्क ट्रेमधून काढा, दुसऱ्या साटा केबलने (डिस्कची डेटा केबल) सरळ मदरबोर्डला जोडा, पॉवरही पीएसयूची, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायची, थेट द्या. बऱ्याच ट्रेंना एकाच मोलेक्सवरून (चार पिनांचा जुना पॉवर कनेक्टर) पॉवर येते आणि साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर दोनेक अँपिअर ओढते, सैल पिन असली की झालंच. त्यात आपली गोव्याची हवा, समुद्राजवळ घर, पावसात खिडक्या उघड्या, कॉन्टॅक्ट काळवंडतात. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा, पूर्ण वाळू द्या. थेट जोडून नीट चालली तर ट्रे बदला, डिस्क नव्हे.

हो, बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एएचसीआय हा साटाचा मोड आणि त्या पोर्टचं हॉट प्लग, म्हणजे चालू पीसीत डिस्क काढ-घाल करायची सोय, चालू आहे ना तेही बघा. आणि विंडोजमध्ये इजेक्ट न करता चालू डिस्क ओढायची सवय असेल तर ती सोडा, इजेक्ट केल्यावरही डिस्क फिरायची थांबेपर्यंत जरा थांबायचं.

आता सी५ वाढत असेल, किंवा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) डिस्कचा ७ नंबरचा एरर येत असेल, तर दुकानवाला बरोबर. तेव्हा लिनक्सचं डीडीरेस्क्यू वापरून आख्खी डिस्क दुसरीवर उतरवा, ते वाचता येणारा भाग आधी काढून घेतं आणि अडलेला भाग शेवटी परत परत बघतं. टक टक आवाज येत असेल तर मात्र तेही नको, लगेच बंद करा, डेटा महत्त्वाचा असेल तर रिकव्हरीवाल्याकडेच द्या. वॉरंटी उरलीय का ते डिस्कवरच्या सीरियल नंबरने कंपनीच्या साइटवर कळतं.