दवाखान्याचा गाळा तयार आहे, पण मुलीला विचारलं का?

यावल तालुक्यातल्या एका केळी बागायतदार वडिलांचं पत्र आलं आहे. मुलीनं दोनदा नीट दिली. दुसऱ्या वेळी मार्क वाढले, पण सरकारी एमबीबीएसला पुरले नाहीत. आता तिसऱ्या वर्षासाठी लातूरला ठेवायचं की कोट्याला, असं त्यांनी विचारलं आहे. तक्रार अशी की मुलगी रात्री अभ्यास सोडून लॅपटॉपवर 'माशीच्या मेंदूचे रंगीत फोटो' जुळवत बसते, म्हणून लॅपटॉप कपाटात कुलूपबंद केला. फैजपूरला दवाखान्यासाठी गाळाही घेऊन ठेवला आहे. पत्राच्या मधे एक वाक्य आहे: 'हल्ली ती जेवताना कोणाशी बोलत नाही.'

भाऊ, लातूर की कोटा याचं उत्तर मी देणार नाही. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्या जेवणाच्या वाक्याची वाटली, आणि तुम्ही ते क्लासची फी आणि होस्टेलचा खर्च यांच्या मधे लिहून पुढे गेलात. एकोणीस वर्षांची मुलगी ताटावर गप्प बसते, तिला जे एक काम मनापासून आवडतं तेही काढून घेतलं जातं, आणि तालुक्यातल्याच गावात तिच्या नावाचा दवाखाना ती डॉक्टर होण्याआधीच उभा असतो. जळगावहून फैजपूरला जाताना प्रत्येक वेळी तिला तो गाळा दिसत असेल. तुम्ही तो प्रेमानं घेतला, यात मला शंका नाही. वादळात बाग आडवी झाली त्या वर्षीही तुम्ही तिची फी थांबवली नाही, हे तुम्हीच लिहिलं आहे. पण त्या प्रेमाचं ओझं आज तिच्या एकटीच्या डोक्यावर आहे. गाळा भाड्यानं देऊन टाका, आणि दिला हे तिला सांगा. तिची झोप, खाणं बिघडलं असेल, किंवा ती निराशेचं काही बोलत असेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या मोफत सरकारी क्रमांकावर आजच बोला. प्रवेशाचं नंतर बघू.

तिसऱ्या नीटबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ती स्वतः म्हणाली तरच. तुमच्या पुतण्यानं तिसऱ्या वेळी काढली, हे तिनं पुन्हा बसण्याचं कारण होऊ शकत नाही.

आता माशीकडे येतो. तुम्ही लिहिता, 'ती एक फोटो टाकते, कॉम्प्युटर तसेच फोटो काढून देतो. यात माणसाची अक्कल कुठे लागते?' हा समज अनेकांचा असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पिकलेल्या केळीवर घोंगावणारी जी बारीक चिलटं आपण हातानं उडवतो, त्यांच्यातलीच ही ड्रोसोफिला. तिच्या मेंदूत दीड लाखाच्या आत चेतापेशी असतात. २०२४ साली एका प्रौढ मादीच्या अख्ख्या मेंदूचा जोडणी-नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात १,३९,२५५ चेतापेशी आणि त्यांच्यातले पाच कोटींहून जास्त सांधे आहेत. हे चित्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातलं. कोणती पेशी कोणाशी जोडली आहे ते त्यात दिसतं, पण ती माशी मेलेली असते. दुसरीकडे हजारो जिवंत माशी-वाण तयार केलेले आहेत. प्रत्येक वाणात थोड्याच पेशी चमकतात, आणि त्या पेशी मुद्दाम चालू-बंद करून माशीच्या वागण्यात काय फरक पडतो ते पाहता येतं. नकाशातली अमुक पेशी कोणत्या वाणात चमकते हे सापडलं, तरच तिचं काम तपासता येतं. तुमची मुलगी जुळवते ते हेच. मोजणीदार गटाचा नकाशा गावनकाशावर ठेवून हद्दी जुळवतो, तसे आधी सगळे मेंदू एकाच नमुना-मेंदूवर बसवावे लागतात. मग कोणता भाग किती खोल आहे ते रंगानं दाखवून त्रिमितीय चित्र सपाट करतात. तेच तिचे 'रंगीत फोटो'. संगणक अशी चित्रं ताडून गुणांप्रमाणे यादी देतो, आणि तिथे त्याचं काम संपतं. एका वाणात दहा पेशी एकमेकींवर आलेल्या असतात, एखादी फांदी दुसऱ्याच पेशीची असते, यादीतली पहिली पेशी चुकीची आणि सातवी बरोबर निघते. ते ठरवायला पेशी त्रिमितीत फिरवून बघणारे डोळे आणि मेंदूचा भूगोल पाठ असलेलं डोकं लागतं. त्या मोठ्या नकाशातही संगणकाच्या चुका माणसांनीच दुरुस्त केल्या, आणि त्यांत शास्त्रज्ञ नसलेले स्वयंसेवकही होते.

'चिलटांचं कोण विचारतं' असंही तुम्ही लिहिलंय. शरीराचं दिवस-रात्रीचं घड्याळ कसं चालतं हे याच माशीवर उलगडलं, त्याला २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. मुंबईच्या टीआयएफआर या विज्ञान-संशोधन संस्थेत ओबैद सिद्दीकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी याच माशीच्या वास-चवीवर आयुष्य घातलं. सिद्दीकींनी पुढे बंगळुरूचं एनसीबीएस हे जीवशास्त्राचं संशोधन केंद्र उभं केलं.

वाटा नेहमीच्याच आहेत: आयसर आणि नायसर या विज्ञान शिकवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्था, त्यांतल्या आयसरसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा, नायसरसाठी नेस्ट, नाहीतर जवळच्या कॉलेजातून प्राणिशास्त्रात बीएस्सी आणि मग एमएस्सीसाठीची आयआयटी जॅम. बारावी कोणत्या वर्षीची चालते ही अट अर्जाआधी तपासा.

पण मी तिला शास्त्रज्ञ करायला निघालोय असं समजू नका. हा रस्ता लांब आहे. पीएचडी होईपर्यंत अठ्ठावीस-तीस वय होतं, महिन्याला ३७,००० रुपयांची फेलोशिप मिळाली तरी कायम नोकरी दूरच असते, आणि जागा थोड्या. तिची ओढ खरी आहे की नीटपासूनचा आसरा आहे, हे मला इथे बसून कळणार नाही. दोन्ही शक्य आहे. आसरा असेल तरी तो काढून घेणं हा उपाय नव्हे.

एक अडचण मात्र तिला आत्ताच सांगा. नीटच्या नादात तिनं अकरावीला गणित सोडलं, असं तुम्ही लिहिलंय. आयएटीला बसता येईल, पण पेपरात भौतिक, रसायन, जीवशास्त्राइतकेच प्रश्न गणिताचे असतात. शिवाय ही सगळी जुळवाजुळव भूमिती आणि सांख्यिकीवरच उभी आहे. गणिताला घाबरून जीवशास्त्र घेतलं असेल, तर या शाखेत ती पुढे अडेल. गणित फक्त सुटलं असेल, तर सहा-आठ महिन्यांत भरून काढता येतं.

लॅपटॉप आज परत द्या, अट न घालता. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही न वाचता. तिनं जुळवलेली एक पेशी आणि संगणकानं वर दाखवूनही तिनं नाकारलेली एक पेशी, दोन्हींची कारणं तिच्या शब्दांत तिनं लिहावीत. तिला डॉक्टरच व्हायचं असेल तर तेही लिहावं. पुढचं मी तिच्याशी बोलेन.