मामांना एएलएस (स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी, म्हणजे न्यूरॉन, मरत जाण्याचा आजार) आहे, मायटोकॉन्ड्रिया (पेशीत एनर्जी बनवणारे भाग) आईकडून येतात, मग मलाही होणार का?

नाही हो, इथंच सगळ्यांचा घोळ होतो. मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए आईकडनं येतो हे खरं, पण एएलएसचे ओळखीचे जीन, १९९३ ला सापडलेला एसओडी१, सीएचसीएचडी१० वगैरे, हे पेशीच्या केंद्रातले (न्यूक्लियसमधले), म्हणजे आई-बाप कुणाकडूनही येऊ शकतात, नुकसान मात्र मायटोकॉन्ड्रियाचं होतं. कमरेतनं पायापर्यंत जाणारा न्यूरॉन मीटरभर लांब, उजनीचं पाणी सोलापूरला आणताना मधे पंप लागतात तशी याला वाटेत एनर्जी लागते, ती तुटली की टोकाकडनं वाळायला लागतो. तसं ९० टक्के केसेस घराण्यातल्या नसतातच, त्यामुळं आधी टेस्ट मामांची करा, तुमची नको. त्यात वारशाचं म्युटेशन (जीनमधला बिघाड) निघालंच तर बहुतेक वेळा आईत असायची शक्यता ५० टक्के, तुमच्यात २५, आणि एसओडी१ असेल तर टोफर्सेन या औषधाबद्दल न्यूरोवाल्यांना विचाराच.