दर कमी केला, तर काम तेवढंच कसं?

प्रश्न : ताई, मी सांगलीत राहून इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. सात वर्षं बेंगळुरूच्या एका एजन्सीचं काम आहे, बहुतेक वैद्यकीय : रुग्णांसाठी माहितीपत्रकं, औषध चाचण्यांची संमतीपत्रं. शब्दाला १ रुपया २० पैसे मिळायचे. आता मेल आला आहे की आधी मशीन भाषांतर करेल, तुम्ही फक्त तपासायचं, दर ७० पैसे, आठवड्यात होकार कळवा. हातात असलेल्या फाइललाही नवाच दर लावणार म्हणतात. माझी निम्म्याहून जास्त कमाई त्यांच्याकडून येते. घरचे म्हणतात, हातचं काम घालवू नकोस. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काही जणी म्हणतात, सगळ्यांनी मिळून एक रुपयाच्या खाली काम घ्यायचं नाही असं ठरवू या. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी हातातली फाइल. तिची वर्क ऑर्डर १ रुपया २० पैशांनी निघालेली आहे. ठरलेला करार बदलायचा तर दोघांची संमती लागते; १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ६२ तेच सांगतं. त्यामुळे ती फाइल वेळेत द्या, बिल जुन्या दरानेच करा आणि बिलावर वर्क ऑर्डरचा नंबर टाका. त्यावर वाद घालत बसू नका.

नव्या दराचं उत्तर मात्र लेखी द्या, आणि नवी फाइल उघडण्याआधी द्या. बऱ्याच जणी इथे गप्प राहतात, चिडतात आणि काम करून पाठवतात. तुम्ही पहिली फाइल ७० पैशांनी दिलीत की समोरचा ती संमती धरतो, आणि मग मागे येणं फार कठीण जातं.

उत्तर लिहिण्याआधी घड्याळ लावून बसा. एजन्सीकडून मशीनच्या भाषांतराचा हजार शब्दांचा नमुना मागवा आणि तुम्ही एरवी ज्या दर्जाचं काम देता, त्या दर्जाला तो आणायला किती वेळ लागतो ते पाहा. समजा, तुम्ही कोऱ्या पानावरून तासाला ३०० शब्द करता, म्हणजे तासाला ३६० रुपये. ७० पैशांत तेवढेच मिळवायचे तर तासाला साधारण ५१५ शब्द उरकले पाहिजेत. नमुन्यात तुम्ही ४०० वरच अडकलात, तर कमाई २८० वर आली. घासाघीस करायची ती या आकड्यावर. शब्दाचा दर काय, हा प्रश्न नंतरचा.

मजकूर कुठला, यावर सगळं ठरतं. मिक्सरच्या माहितीपुस्तिकेत मशीनचा मसुदा खरंच वेळ वाचवतो, हे मी स्वतः करून पाहिलं आहे; तिथे कमी दर मला मान्य असतो. वैद्यकीय मजकुरात तसं होत नाही. गूगलने २०१७ मध्ये मराठीसाठी न्यूरल, म्हणजे आख्खं वाक्य एकत्र पाहणारं मशीन भाषांतर आणलं, त्याआधी मशीनचं मराठी वाचताक्षणी मोडकं दिसायचं आणि चूक लगेच सापडायची. आता वाक्य गुळगुळीत असतं आणि चूक त्याच्या आत लपते. स्त्रियांच्या आरोग्याच्या पत्रकात ‘डिस्चार्ज’ म्हणजे अंगावरून जाणारा स्राव. मशीन त्याचं रुग्णालयातून घरी सोडणं करू शकतं, आणि व्याकरण मात्र चोख. एका परिच्छेदात ‘तुम्ही’, पुढच्यात ‘आपण’, मधेच ‘तू’. हे पकडायचं तर इंग्रजीची ओळन् ओळ वाचावीच लागते. संमतीपत्र वाचून एखादी बाई स्वतःचं शरीर चाचणीसाठी देणार असते. तिथे ‘फक्त तपासणं’ नावाचं काम नसतंच, आणि ते कमी पैशांत उरकायला सांगणं मला अन्यायाचं वाटतं. तुमच्यावर आणि त्या बाईवरही.

म्हणून मेल साधारण असा लिहा : ‘सामान्य माहितीपर मजकुरासाठी पोस्ट-एडिटिंग (मशीनचा मसुदा सुधारणं) ८५ पैशांनी करेन, नमुना आधी पाहून. वैद्यकीय माहितीपत्रकं आणि संमतीपत्रं जुन्याच दराने आणि पूर्ण भाषांतर म्हणूनच घेईन. सोबत नमुन्याला लागलेला वेळ आणि त्यात सापडलेल्या चुकांची यादी जोडली आहे.’ ८५ हा आकडा माझा. तुमचा तुमच्या घड्याळावरून काढा. यादीत अर्थ बदलणाऱ्या चुकाच घ्या, शुद्धलेखन नको. तिकडे प्रोजेक्ट मॅनेजर मुलगी असेल, तिच्या हातात दर नसतो. पण तिला वरच्याला दाखवायला कागद मिळतो. रागाचा मेल ती वर पाठवू शकत नाही.

आणखी एक विचारून घ्या. ट्राडोससारखं भाषांतराचं सॉफ्टवेअर जुन्या भाषांतराशी जुळणारी वाक्यं शोधून देतं, आणि एजन्सीने बहुधा त्यांचे पैसे आधीच कापलेले असतात. ७० पैशांवर तीही कपात पुन्हा लागणार का? लागणार असेल, तर हातात पडणारा दर आणखी खाली जातो.

ग्रुपवर एक किमान दर ठरवू नका. तुम्ही सगळ्या कायद्याच्या नजरेत स्वतंत्र व्यावसायिक आहात, आणि प्रतिस्पर्ध्यांनी मिळून दर ठरवणं २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ खाली अडचणीत आणू शकतं. कामगार संघटनेसारखं संरक्षण आपल्याला नाही, ही माझ्या मते मोठीच उणीव आहे. ‘मी या दरात काम घेत नाही’ असं प्रत्येकीने आपल्या मनाने ठरवण्याला मात्र कोणाचीही आडकाठी नाही. कोण पैसे वेळेवर देतं, कोणाच्या करारात जाचक अटी आहेत, हे ग्रुपवर जरूर बोला.

घरच्यांची काळजी खोटी नाही. एजन्सी अजिबात ऐकली नाही, तर तीन महिन्यांपुरतं सामान्य मजकुराचं काम कमी दराने घ्या, तशी मुदत मेलमध्ये लिहा, आणि दिवसाचे दोन तास नवं काम शोधायला राखून ठेवा. सात वर्षं संमतीपत्रं केलेली भाषांतरकार सहज मिळत नाही. मुंबई-पुण्याकडच्या क्लिनिकल रिसर्च कंपन्यांना थेट लिहा. मधली एजन्सी नसली की दर वेगळा असतो. पहिलं काम यायला वेळ लागेल, म्हणून पत्रं आजपासून पाठवा.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी डोंबिवलीत पाठ्यपुस्तकांसाठी चित्रं काढतो. एक प्रकाशक म्हणतो, पानामागे १५ टक्के कमी घ्या, नाहीतर जुनी दोन बिलंही लांबतील.
– एक चित्रकार

उत्तर : या दोन गोष्टींची त्याने गाठ मारली आहे, ती तुम्ही सोडवा. नव्या दराचं बोलणं जुनी बिलं चुकती झाल्यावर.

तुमची ‘उद्यम’ नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का? नसेल तर आजच करा. सरकारी संकेतस्थळावर ती मोफत होते. पैसे मागणाऱ्या खासगी संकेतस्थळांच्या नादी लागू नका. नोंदणीनंतरच्या कामाला २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा उपयोगी पडतो. लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे थांबवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, तेही दर महिन्याला चक्रवाढीने. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट खरेदीदाराला आयकरात मिळत नाही. प्रकाशकाच्या सीएला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून स्मरणपत्राची प्रत हिशेब विभागालाही पाठवा.

जुनी बिलं नोंदणीच्या आधीची असतील, तर या कायद्याचा आधार धरू नका. तिथे साधी वकिलाची नोटीस. नंतरची असतील, तर याच कायद्याखाली थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी ऑर्डरचा मेल, चित्रं पाठवल्याचा मेल, ‘मिळाली, छान आहेत’ हे त्याचं उत्तर आणि बिल, एवढं एका फोल्डरमध्ये काढून ठेवा. ऑर्डर फोनवर झाली असेल, तर आज एक मेल टाका : ‘अमुक तारखेला आपलं ठरल्याप्रमाणे इतकी पानं, इतका दर.’ तो काय उत्तर देतो, तेही त्याच फोल्डरमध्ये ठेवा.