वैऱ्यावर प्रीती करायची, मग केस मागे घ्यायची का?

ह्या वेळची तीन पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतायत म्हणून तिन्ही एकत्र घेतोय. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. गेल्या सीझनला आमच्याच मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) एकानं बाहेरचा व्यापारी आणला, मी मध्ये आहे काळजी करू नका म्हणाला. पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख मिळाले, मग चेक, आणि चेक सगळे बाउन्स. व्यापारी पळाला. नंतर कळलं की ह्या माणसाला सगळं आधीपासून माहीत होतं आणि स्वतःचं कमिशन त्यानं आधीच काढून घेतलेलं. औषध दुकानाची उधारी आणि सोसायटीचं कर्ज अंगावर तसंच आहे, माझे दागिने बँकेत आहेत, सासऱ्यांनी अंथरूण धरलंय. आम्ही केस केली. आता पाळकसाहेब म्हणतात प्रभूनं वैऱ्यावर प्रीती करायला सांगितलंय, केस मागे घ्या. आणि तो माणूस दर रविवारी अर्पणाची थैली घेऊन माझ्यासमोर येतो. त्याच्यावर प्रेम कसं करू आणि मान तरी कुठून आणू? *(एक बहीण, तासगाव तालुका)*

उत्तर : ताई, आधी सरळ सांगतो, बायबल नंतर उघडू. केस मागे घेऊ नका. निदान पाळकसाहेब म्हणाले म्हणून तरी घेऊ नका.

आता तुमच्या पाळकसाहेबांच्या बाजूनं जे बोलण्यासारखं आहे ते पण बोलतो, कारण ते अगदीच हवेत बोलत नाहीयेत. करिंथकरांस पहिलं पत्र, सहावा अध्याय. तिथं ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल चिडून विचारतो की भाऊ भावावर फिर्याद करतो आणि ती पण बाहेरच्या कोर्टात, त्यापेक्षा अन्याय सोसून का घेत नाही? हे वचन आहे आणि त्याला वळसा घालून जाता येत नाही. मेनोनाइट ह्या शस्त्र न धरणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी तर ते इतकं मनावर घेतलं की त्यांच्यात कोर्टाची पायरी न चढण्याची जुनी परंपराच आहे. पण त्याच अध्यायात दोन ओळी मागं पौल विचारतो, भावाभावांतला निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का, आणि एक ओळ पुढं ज्यांनी नाडलं त्यांना झापतो की तुम्हीच अन्याय करता, आणि तो पण भावांवर. म्हणजे पौलाचं म्हणणं असं आहे की मंडळीनं आधी बसून न्याय करावा. तुमच्या पंचकमिटीनं त्या माणसाला बोलावून हिशोब विचारला का? मत्तयच्या अठराव्या अध्यायात पायऱ्या दिल्यात, आधी एकट्यानं जाऊन त्याला त्याची चूक दाखव, नाही ऐकलं तर दोघा-तिघांना घेऊन जा, तरी नाही तर मंडळीसमोर ठेव. ह्यातलं काहीच न करता नुसतं फसलेल्या बाईला 'क्षमा कर' म्हणायचं हे सोपं पडतं, कारण ती ऐकून घेते आणि तो माणूस अर्पण बरं देत असणार (हे माझं आपलं अनुमान, चुकीचं असेल तर पाळकसाहेबांनी मला लिहावं, पुढच्या अंकात छापतो).

प्रेमाचं बघू. तुमच्या पत्रावरून वाटतं की प्रेम म्हणजे त्या माणसाबद्दल मनात गोड भावना यायला हवी असं तुम्ही धरून चाललाय, आणि ती येत नाही म्हणून तुम्हालाच अपराधी वाटतंय. थॉमस अक्वायनस नावाचा तेराव्या शतकातला मोठा धर्मपंडित होऊन गेला, तो प्रेमाची साधी व्याख्या करतो, समोरच्याचं भलं व्हावं अशी इच्छा धरणं. आवडणं वेगळं. तर ह्या माणसाचं भलं कशात आहे ते विचारा. असंच अजून दहा बागायतदारांना फसवण्यात नक्कीच नाही. तो थांबावा, त्यानं पैसे परत करावे, रात्री झोप लागेल असा माणूस व्हावा, ह्यात आहे. तुमची केस त्याला तिकडंच ढकलतेय.

'पापाचा द्वेष करा, पापी माणसाचा नको' हे वाक्य आपल्याकडं प्रत्येक प्रवचनात येतं, गांधीजींमुळं मंडळीबाहेर पण सगळ्यांना पाठ आहे. त्याचं मूळ शोधत गेलं की साधारण सोळाशे वर्षांमागच्या ऑगस्टिनपर्यंत पोचतो, त्यानं एका मठातल्या साध्वींना पत्र लिहिलेलं, त्यात माणसांवर प्रेम आणि दुर्गुणांचा द्वेष असा शब्दप्रयोग आहे. पण तो कुठं आलाय ते बघण्यासारखं आहे. तो तिथं सांगतोय की एखाद्या बहिणीचं वागणं बिघडलेलं दिसलं तर लपवू नका, आधी तिला समज द्या, नाही ऐकलं तर वरच्यांना कळवा, शिक्षा पण होऊ द्या, आणि हा क्रूरपणा नाही दया आहे. पुढं विचारतो की तिच्या अंगावर जखम असती आणि कापतील ह्या भीतीनं ती लपवत असती तर तुम्ही गप्प बसणं हे प्रेम झालं असतं का? म्हणजे जे वाक्य आपण प्रकरण मिटवायला वापरतो ते लिहिलं गेलं प्रकरण उघड करा हे सांगताना. मला तर हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं.

मान. इथं दोन गोष्टींची गल्लत होते. एक मान माणूस म्हणून आहे, तो कुणी कमवत नाही आणि कुणाचा जात पण नाही, कारण उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवानं माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवलं आणि त्यात चांगल्या माणसाला असं लिहिलेलं नाही. येशूचा शिष्य पेत्र लिहितो 'सर्वांना मान द्या', आणि त्याच वचनात राजाचा मान राखा म्हणतो, राजा म्हणजे रोमचा बादशहा, परंपरेप्रमाणे धरलं तर नीरो, ज्याच्या राज्यात ख्रिस्ती लोकांना जिवंत जाळलं. हा मान तुम्ही त्या माणसाला द्यायचाय. म्हणजे कोर्टात जबाब देताना जेवढं केलं तेवढंच सांगायचं, रागात चार गोष्टी जास्तीच्या जोडायच्या नाहीत. त्याच्या बायकोला गावच्या ग्रुपवर काहीबाही बोलायचं नाही, त्याच्या पोरांना शाप द्यायचे नाहीत, ती तुमच्या पोरांच्याच शाळेत असतील. आणि समोर आला तर त्याचं त्याला तोंडावर सांगायचं, कारण हा माणूस उत्तर द्यायला जबाबदार आहे असं धरूनच आपण बोलतो, जनावराकडून कुणी खुलासा मागत नाही.

दुसरा मान विश्वासाचा, पदाचा. तो गेलाय आणि आपोआप परत येत नाही. अर्पणाची थैली त्याच्या हातातून काढून घ्या असं कमिटीला लेखी द्या, त्यात प्रेमाविरुद्ध काही नाही.

येशूकडं बघा की. एक गाल मारला तर दुसरा पुढं कर म्हणणारा तोच. पण महायाजकापुढं उभा असताना शिपायानं थोबाडीत मारली तेव्हा तो मुकाट राहिला नाही, म्हणाला मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, बरं बोललो असेन तर मला का मारतोस? योहान १८. शिवी दिली नाही, हात उचलला नाही, पण हिशोब विचारला. पौलाला फिलिप्पै गावात चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं आणि सकाळी अधिकारी म्हणाले गुपचूप सोडून द्या, तर हा म्हणतो गुपचूप नाही, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आले, विनवण्या केल्या त्यांनी.

आणि जक्कयची गोष्ट, संडे स्कूलमध्ये झाडावर चढलेला बुटका माणूस म्हणून आपण रंगवायचो तो. जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी जेवायला गेला, लोकांनी नावं ठेवली तरी गेला, हे प्रेम. पण जक्कय उभा राहून काय म्हणाला? अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना नाडलं त्यांना चौपट परत देतो. त्यानंतर येशू म्हणाला आज ह्या घराला तारण झालं. तुमच्या पाळकसाहेबांना एवढंच विचारा, चौपट राहू दे, मुद्दलाचं काय?

क्षमा करायची का ह्यावर ख्रिस्ती लोकांत एकमत नाही. लूक १७ मध्ये येशू म्हणतो त्याला पश्चात्ताप झाला तर क्षमा कर, त्यावरून काहीजण म्हणतात पश्चात्ताप नाही तर क्षमा नाही. मार्क ११ मध्ये म्हणतो प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कुणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा, तिथं अट दिसत नाही. माझं मत, मनातला सूड सोडून द्यायला त्याची वाट बघायची गरज नाही, पण नातं पूर्ववत करायला त्याचा पश्चात्ताप लागतोच, आणि पैशाचा विषय ह्या दोन्हीपेक्षा वेगळा. राग आला तर १०९ वं स्तोत्र उघडा, त्यात दाविदानं असे शाप दिलेत की वाचताना कानकोंडं होतं, पण ते सगळं तो देवापुढं बोलतोय, कोयता घेऊन बाहेर पडलेला नाही.

आणि एक कामाचं, तुमच्यासारखी फसलेली जी घरं अजून 'बघू' म्हणत बसलीयेत त्यांना सांगा की चेक बाउन्सला तारखा कडक असतात. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, नोटीस पोचल्यावर समोरच्याला १५ दिवस, त्यात नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. वकिलाला आजच गाठा.

प्रश्न : मी ख्रिश्चन नाही, हॉस्टेलवरच्या मित्रामुळं तुमचं सदर वाचतो. प्रतापगड आमच्या जिल्ह्यात आहे, आम्हाला लहानपणापासून खानाचा कोथळा शिकवलाय, खानावर प्रेम नाही. शत्रूवर प्रेम हे नेभळटपणाचं लक्षण नाही का? हिटलर समोर असता तर काय केलं असतं तुम्ही? *(एक विद्यार्थी, सातारा)*

उत्तर : मित्रा, प्रश्न आवडला. प्रतापगडाच्या पायथ्याला खानाची कबर पण आहे हे विसरू नकोस, युद्ध झालं म्हणून मेलेल्या माणसाचा मान गेला असं तेव्हा पण सगळ्यांनी धरलं नव्हतं.

हिटलरचा प्रश्न ख्रिस्ती लोकांना खरंच पडलेला. डीट्रिश बोनहोफर हा जर्मन पाळक, शत्रूवर प्रीती करा ह्या वचनावर त्याच्याइतकं कसोशीनं फार कमी लोकांनी लिहिलंय, आणि हाच माणूस पुढं हिटलरला संपवायच्या कटातल्या लोकांबरोबर होता. ९ एप्रिल १९४५ ला फ्लॉसनबुर्गच्या छावणीत त्याला फाशी दिलं, युद्ध संपायला महिनाच राहिलेला. आपण करतोय ते पुण्य आहे असं तो म्हणत नव्हता, दोष स्वतःच्या डोक्यावर घेऊन करतोय अशी त्याची भूमिका होती. उलट मेनोनाइट म्हणतील शस्त्र धरायचंच नाही, मरू पण मारणार नाही. माझं मन बोनहोफरकडं झुकतं, पण दुसरी बाजू भित्री आहे असं म्हणायची माझी हिंमत नाही, त्यांच्यातले किती लोक जाळले आणि बुडवले गेले ते वाच एकदा.

जवळचं सांगतो. सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात गरिबांना सावकारांच्या कचाट्यातून सोडवायचं काम करायच्या, २५ फेब्रुवारी १९९५ ला समंदर सिंग नावाच्या माणसानं त्यांना चालत्या बसमध्ये भोसकलं, मग खाली ओढून पुन्हा भोसकलं. पन्नासच्या वर वार. त्यांची सख्खी बहीण सेल्मी पॉल, ती पण सिस्टर, तुरुंगात गेली आणि त्याच्या हातावर राखी बांधली. २००६ मध्ये तो सुटला त्यात घरच्यांनी दिलेल्या क्षमेचा वाटा होता. आता हे नेभळटपणानं होतं का सांग. बहिणीच्या खुन्याचा हात हातात धरून गाठ मारायची, मला तर जमणार नाही.

ओडिशात १९९९ च्या जानेवारीत ग्रॅहम स्टेन्स हे मिशनरी आणि त्यांची दोन लहान पोरं गाडीत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स बाईंनी क्षमा केली म्हणून जाहीर सांगितलं आणि त्यानंतर कित्येक वर्षं तिथंच कुष्ठरोग्यांची सेवा करत राहिल्या. पण खटला थांबला नाही. मुख्य आरोपी दारा सिंगला आधी फाशी, मग हायकोर्टात जन्मठेप, २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं जन्मठेप कायम केली. बाईंनी स्वतःच्या वाट्याचा सूड सोडला, सरकारचं काम सरकारनं केलं. रोमकरांस पत्राचा बारावा आणि तेरावा अध्याय लागोपाठ वाच, एकात सूड घेऊ नका, दुसऱ्यात सत्तेच्या हाती तलवार उगीच दिलेली नाही. दोन्ही एकाच माणसानं एकाच पत्रात लिहिलंय.

प्रश्न : नवरा दारू पिऊन मारतो. सासू म्हणते प्रीती सर्व काही सहन करते असं शास्त्रातच आहे. तो शुद्धीवर आला की रडतो, माफी मागतो. मी काय करू? *(मिरज)*

उत्तर : ताई, आधी सुरक्षित जागी जा, माहेर, मैत्रीण, कुठंही, आणि पोरांना बरोबर घ्या. बाकीचं नंतर.

सासूबाईंना सांगा की तो अध्याय, करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा, अख्खा वाचू. 'सर्व काही सहन करते' च्या आधीच लिहिलंय की प्रीती गैर वागत नाही, चिडत नाही, अन्यायात आनंद मानत नाही. तो अध्याय आधी त्यांच्या मुलाला ऐकवायचा आहे.

पळून जाणं म्हणजे प्रेम संपलं असं पण नाही. शौल राजानं आपल्या पदरच्या दाविदावर भाला फेकला तेव्हा दावीद बाजूला झाला आणि त्याच रात्री निसटला. पुढं एन-गेदीच्या गुहेत शौल हातात सापडला तर त्याला मारलं नाही, वाईट बोलला नाही, नुसता झग्याचा काठ कापला, आणि तेवढ्यावरून पण त्याचं मन त्याला खायला लागलं. शौल हे बघून ढसाढसा रडला, तू माझं बरं केलंस आणि मी तुझं वाईट केलं म्हणाला. आणि मग त्या अध्यायाची शेवटची ओळ बघा, १ शमुवेल २४:२२, शौल घरी गेला आणि दावीद आपली माणसं घेऊन गडावर गेला. राजवाड्यात परत नाही गेला. रडणं खरं असेलही, पण भाला अजून शौलाच्याच हातात होता.

नवऱ्यासाठी प्रार्थना करा, दारू सोडवायच्या उपचाराला तो स्वतः तयार झाला तर मदत करा, पण हे सगळं लांब राहून. आत्ता मारहाण होत असेल तर ११२, नाहीतर महिला हेल्पलाइन १८१. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे, त्यात संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडं अर्ज करता येतो आणि राहत्या घरात राहायचा हक्क, त्यानं जवळ येऊ नये असा आदेश, खर्चाचे पैसे, हे सगळं त्यातून मागता येतं. अर्ज द्यायला जाताना आधारकार्ड आणि मार लागल्यावर दवाखान्यात गेला असाल तर तिथले कागद बरोबर घ्या.