आमचा बास्केटबॉल संघ नेमबाजीत सरस असूनही हरतो. नेमके कोणते आकडे पाहावेत?

तुम्ही प्रश्नासोबत आकडे दिलेत ते फार बरं केलंत. नाहीतर अशा प्रश्नाला 'बचाव सुधारा, सराव वाढवा' याच्या पलीकडे उत्तर देता येत नाही. तुमचं म्हणणं असं, की गेल्या दहा सामन्यांत तीनच जिंकलात. सरासरी 71 गुण केलेत आणि 74 दिलेत. तुमचे 60 पैकी 26 शॉट पडले, म्हणजे 43 टक्के. समोरच्यांचे 68 पैकी 28, म्हणजे 41 टक्के. तरी हार तुमची.

मी गेली नऊ वर्षं एका संघासाठी बाकावर बसून आकडे टिपते, आणि सुरुवातीची दोन वर्षं मीही याच टक्केवारीकडे बघत होते. तिची पहिली अडचण अशी, की ती दोन गुणांचा शॉट आणि तीन गुणांचा शॉट एकाच मापाने मोजते. तुमचे थ्री-पॉइंटर सामन्याला 4 पडतात, त्यांचे 8. पडलेल्या प्रत्येक थ्री-पॉइंटरला दीड शॉट धरा आणि मग टक्केवारी काढा. तुमचे 26 अधिक 2, म्हणजे 60 पैकी 28, 46.7 टक्के. त्यांचे 28 अधिक 4, म्हणजे 68 पैकी 32, 47.1 टक्के. तुमची आघाडी इथेच संपली. याला प्रभावी शूटिंग टक्केवारी म्हणतात. वहीत हा एक रकाना आजच वाढवा आणि जुना खोडून टाका.

आता मुख्य गोष्ट. बास्केटबॉलमध्ये चेंडू आळीपाळीने मिळतो. तुम्ही बास्केट केली की चेंडू त्यांचा, त्यांनी केली की तुमचा. चेंडू हातात आल्यापासून तो समोरच्याकडे जाईपर्यंतचा काळ म्हणजे एक पझेशन. शॉट हुकला आणि तुमच्याच खेळाडूने रिबाउंड घेतला, म्हणजे हुकून उसळलेला चेंडू पकडला, तर तेच पझेशन पुढे चालू राहतं, नवं सुरू होत नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण नव्याने मोजायला बसणारा बहुतेक इथेच चुकतो. असं मोजलं की दोन्ही संघांची पझेशन जवळपास सारखीच निघतात. एका क्वार्टरमध्ये फार तर एकाचा फरक पडतो. त्यामुळे प्रश्न एवढाच उरतो, की तेवढ्याच संधींमध्ये कोणी किती गुण काढले.

प्रत्येक पझेशन टिपलेलं नसलं तरी अंदाज निघतो. मारलेले शॉट, त्यातून आक्रमणातले रिबाउंड वजा, टर्नओव्हर (शॉट न मारताच चेंडू गमावणं) अधिक, आणि फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या एका गुणाच्या मोकळ्या शॉटच्या) संख्येला 0.44 ने गुणून तेही अधिक. हा 0.44 कुठून आला असं तुम्ही विचाराल. दोन फ्री थ्रो म्हणजे एक पझेशन असं धरलं तर 0.5 यायला हवा. पण बास्केट पडून वर मिळणारा एक फ्री थ्रो वेगळं पझेशन खात नाही, आणि टेक्निकल फाउलचाही खात नाही, म्हणून आकडा थोडा खाली येतो. तो व्यावसायिक लीगच्या नोंदींवरून बसवलेला आहे. तुमच्या पातळीवर थोडा इकडेतिकडे होईल, पण कामाला पुरेसा आहे.

तुमचे आकडे घालून पाहिले. तुमचे 60 शॉट, 7 आक्रमक रिबाउंड, 17 टर्नओव्हर, 22 फ्री थ्रो: जवळपास 79.7 पझेशन. त्यांचे 68 शॉट, 10 रिबाउंड, 15 टर्नओव्हर, 14 फ्री थ्रो: 79.2. म्हणजे तुमची टिपणी चोख आहे. हे दोन आकडे चार-पाचने वेगळे आले असते तर मी आधी वही तपासायला सांगितलं असतं. शंभर पझेशनमागे तुम्ही 89 गुण करता, ते 93.

सामन्याच्या सरासरी गुणांवर विसंबू नका, हे मी आग्रहाने का सांगते त्याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधलं आहे. 1990-91 च्या हंगामात डेन्व्हर नगेट्सने सामन्याला 119.9 गुण केले. अख्ख्या लीगमध्ये सर्वाधिक. वर्तमानपत्रातला तक्ता पाहिला असता तर वाटलं असतं, काय आक्रमण आहे! पण हा संघ 82 पैकी 62 सामने हरला. ते इतक्या वेगाने खेळत की सामन्याला 114 च्या आसपास पझेशन होत. शंभरामागे हिशेब केला तर त्यांचे गुण साधारण 105 भरतात, आणि त्या वर्षीची लीगची सरासरी 108 च्या जवळपास होती. म्हणजे सर्वाधिक गुण करणारं आक्रमण प्रत्यक्षात सरासरीच्याही खाली होतं. आणि समोरच्यांना सामन्याला 130.8 गुण दिले ते वेगळेच. वेग हा खेळण्याचा ढंग आहे, तो चांगला की वाईट हे गुणांच्या बेरजेवरून कळत नाही.

ही दृष्टी नवी नाही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे प्रशिक्षक डीन स्मिथ काही दशकांपूर्वीच पझेशनमागे किती गुण ते मोजत होते. पुढे बास्केटबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक डीन ऑलिव्हर यांनी त्याला नीट बांधणी दिली आणि संघाची कामगिरी चार गोष्टींत विभागली: शूटिंग, टर्नओव्हर, आक्रमणातले रिबाउंड, फ्री थ्रो. त्यांनी ढोबळ वजनं दिली ती अनुक्रमे 40, 25, 20 आणि 15 टक्के. वजनांवर वाद घालता येतो. पण पझेशनचं जे काही होतं ते या चार वाटांनीच होतं, यावर वाद नाही.

मग तुमचे तीन गुण नेमके कुठे जातात? इथे जरा थांबून हिशेब करू, कारण तुमच्या आकड्यांत तो फार स्वच्छ दिसतो. दोघांची नेमबाजी सारखीच आहे. फरक इतकाच, की ते सामन्याला 8 शॉट जास्त मारतात. शॉटमधून त्यांचे 64 गुण, तुमचे 56. फ्री थ्रोवर तुम्ही 5 परत मिळवता, आणि उरतात ते तीन. हे 8 जादा शॉट कुठून आले तेही दिसतं. तीन त्यांच्या जादा रिबाउंडमधून. दोन तुमच्या जादा टर्नओव्हरमधून. आणि साडेतीन तुमच्याच जादा फ्री थ्रोंमुळे, कारण जे पझेशन फ्री थ्रो लाइनवर संपतं त्यात बहुधा शॉट मोजला जात नाही. ही बेरीज साडेआठ होते, आणि तुमचं अर्धं पझेशन जास्त आहे ते वजा केलं की आठ. यातले साडेतीन नुकसानीचे नाहीतच, उलट त्यांनीच तुम्हाला ते 5 गुण मिळवून दिले. खरी गळती राहिली पाच शॉटची. एका शॉटमागे 0.94 गुण धरले तर पावणेपाच गुण. तुम्ही हरता तीनने.

म्हणून कोणी तुम्हाला 'नेमबाजीचा सराव वाढवा' म्हणालं तर माझं मत वेगळं आहे. तुमच्या मुलांचा नेम ठीक आहे. रिबाउंड बघा. त्यांचे सामन्याला 40 शॉट हुकतात आणि त्यातले 10 पुन्हा त्यांच्याच हाती पडतात, म्हणजे चारातला एक. तुमचे 34 हुकतात, परत मिळतात 7, पाचातला एक. रिबाउंड नेहमी असाच उपलब्ध संधींच्या प्रमाणात मोजा. नुसती संख्या मोजली तर जो संघ समोरच्याला जास्त शॉट हुकवायला लावतो त्याचे रिबाउंड आपोआप वाढलेले दिसतात.

एवढं सांगितल्यावर एक गोष्ट तितक्याच ठामपणे सांगायला हवी: दहा सामने थोडे आहेत. समोरचे सामन्याला 22 थ्री-पॉइंटर मारतात आणि 8 पडतात, म्हणजे 36 टक्के. समजा त्यांची खरी क्षमता नेमकी तेवढीच आहे, ना कमी ना जास्त. तरी निव्वळ योगायोगाने एका सामन्यात हा आकडा सव्वादोन शॉटने सहज वरखाली होतो, आणि तेवढ्याने पावणेसात गुण हलतात. दहा सामन्यांची सरासरी घेतली तरी सामन्याला दोनेक गुणांची डोलणी उरते. तुमचा फरक तीनचा आहे. 2018 मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सने वेस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम मालिकेतल्या सातव्या सामन्यात सलग 27 थ्री-पॉइंटर हुकवले होते. एकूण 44 पैकी 7 पडले, मध्यंतराला 11 ची आघाडी असूनही गोल्डन स्टेट वॉरियर्सकडून ते 101-92 असे हरले. हंगामभर याच शॉटवर त्यांनी सामने जिंकले होते. त्या एका संध्याकाळवरून त्यांची पद्धतच चुकीची होती असं म्हणणं मला पटत नाही.

गुणांच्या फरकाचंही तसंच. एनबीएतसुद्धा एका संघाचा फरक सामन्यागणिक बारा-तेरा गुणांच्या प्रमाण विचलनाने (सरासरीभोवतीच्या नेहमीच्या चढउताराच्या मापाने) हलतो. दहा सामन्यांच्या सरासरीत त्याचे साधारण चार गुण उरतात. त्यामुळे 'आम्ही कमकुवत संघ आहोत' असा निष्कर्ष उणे तीनवरून काढू नका. मात्र तीन विजय आणि सात पराभव हे चित्र तुमच्या गुणांशी जुळतं. त्यासाठी एक सूत्र आहे: केलेल्या गुणांचा चौदावा घात, भागिले केलेल्या आणि दिलेल्या गुणांच्या चौदाव्या घातांची बेरीज. मूळ कल्पना बेसबॉलच्या आकड्यांचे अभ्यासक बिल जेम्स यांची. तिथे घातांक 2 होता, पुढे एनबीए संघाचे व्यवस्थापक झालेले डॅरिल मोरी यांनी बास्केटबॉलसाठी तो 13.91 काढला. 71 आणि 74 घातले तर उत्तर येतं 36 टक्के, म्हणजे दहात साडेतीन विजय. तेव्हा 'शेवटच्या मिनिटाला आमच्या मुलांची हिंमत खचते' अशी काही शंका मनात असेल, तर निदान या आकड्यांत तिला आधार नाही. अटीतटीचे सामने सारखे हातातून निसटत असते तर विजय याहून कमी दिसले असते.

याच कारणाने मी विजयांपेक्षा फरकावर जास्त विश्वास ठेवते. 2015-16 मध्ये वॉरियर्सने 73 सामने जिंकून विक्रम केला आणि सॅन अँटोनियो स्पर्सने 67. सहा विजयांचं अंतर मोठं वाटतं, पण सरासरी फरक होता वॉरियर्सचा 10.8 आणि स्पर्सचा 10.6.

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग खेळाडूंचा होता: प्लस-मायनस (खेळाडू मैदानात असताना संघाने केलेले गुण वजा दिलेले गुण) पाहून कोणाला बसवायचं ते ठरवावं का? नको. माझ्या हातून या बाबतीत एक चूक झाली आहे आणि ती मला अजून सलते. एका गार्डचं प्लस-मायनस हंगामभर उणे होतं. मी प्रशिक्षकांना तो तक्ता दाखवला आणि त्या मुलाची मिनिटं कमी झाली. पुढे मी प्रत्येक बदलीची वेळ टिपायला लागले तेव्हा दिसलं, की तो नेहमी आमचे दोन सर्वोत्तम खेळाडू विश्रांतीला गेले की मैदानात यायचा, आणि बहुतेक वेळा समोरच्यांच्या पहिल्या पाचांविरुद्ध. उणे आकडा त्या वेळेचा होता, त्याचा नव्हे. हंगाम संपल्यावर मी त्याला हे स्वतः जाऊन सांगितलं. प्लस-मायनसला अर्थ येतो तो मैदानात सोबत कोण आणि समोर कोण हे दोन्ही हिशेबात घेतल्यावर, आणि त्यासाठी लागणारी मिनिटं एका हंगामात तुमच्याकडे जमणार नाहीत.

त्यापेक्षा पुढच्या सामन्यापासून दोन गोष्टी टिपा. टर्नओव्हर लिहिताना त्याचा प्रकार लिहा: चुकीचा पास, हातातून हिसकावला, पाय चुकले, की आक्रमक फाउल. मैदानात झालेल्या चोरीतून समोरच्यांना फास्ट ब्रेक (बचाव जमायच्या आत वेगाने केलेलं आक्रमण) मिळतो, बाहेर गेलेल्या चेंडूतून मिळत नाही. त्यामुळे सतरातले कुठले महाग पडतात ते महिनाभरात कळेल. आणि त्यांचा प्रत्येक शॉट हवेत गेला की चेंडूकडे न बघता आपल्या पाच जणांकडे बघा. सोपं नाही, डोळे आपोआप बास्केटकडे वळतात. ज्याने आपल्या माणसाला पाठ लावून अडवलं त्याच्यापुढे खूण करा, रिबाउंड कोणाच्याही हातात पडो. स्कोअरशीटमध्ये रिबाउंड घेणाऱ्याचं नाव असतं, जागा करून देणाऱ्याचं नसतं. तुमचे सामन्याला तीन रिबाउंड कोणाच्या बाजूने जातात ते त्या खुणांमध्ये सापडेल. त्या खुणा आणि टर्नओव्हरचे प्रकार चार-पाच सामन्यांचे जमले की इथेच टाका, मी पुन्हा बघेन.