वाचकांचे प्रश्न : माळ्यावरची विनोदी चित्रपटाची कॅसेट

प्रश्न : सांगलीच्या गावभागातल्या घरात ऐंशीच्या दशकातल्या एका मराठी विनोदी चित्रपटाची व्हीएचएस कॅसेट सापडली. हा चित्रपट आता कुठेच बघायला मिळत नाही. २०१९च्या महापुरात पाणी माळ्यापर्यंत चढलं नव्हतं, पण फितीच्या कडेला पांढरी पूड दिसते. व्हीसीआर मिळालाय. लावून पाहावी का?

उत्तर : आत्ता मुळीच लावू नका. पांढरी पूड म्हणजे बहुधा दमटपणाने धरलेली बुरशी. तिच्यामुळे फितीचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि व्हीसीआरने ओढलं की फीत तुटते किंवा तिच्यावरचा चुंबकीय थर सुटतो. तीच बुरशी व्हीसीआरच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, बसून पुढच्या कॅसेटलाही लागते.

सिलिका जेलच्या पुड्या घालून कॅसेट घट्ट झाकणाच्या डब्यात आठ-दहा दिवस ठेवा. ऊन किंवा हेअर ड्रायर नको, उष्णतेने फीत वेडीवाकडी होते. मग मास्क लावून, राहत्या खोलीबाहेर, कॅसेटच्या खालच्या बाजूचे पाच स्क्रू काढा. फीत कुठून कुठे जाते याचा फोटो आधी घ्या. नाहीतर जोडताना हमखास घोळ होतो. फीत गुंडाळलेल्या दोन्ही चकत्या दुसऱ्या चांगल्या व्हीएचएस कॅसेटच्या कवचात बसवा. चकती हाताने हळू फिरवत, धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडाच्या घडीतून फीत न्या आणि कापड वरचेवर बदला. वेढे चिकटलेले असतील तिथे जोर न लावता थांबा. ते काम जाणकारानेच करावं.

व्हीसीआरमध्ये आधी एखादी नको असलेली कॅसेट चालवून पाहा. हेडला कापसाची काडी लावू नका, धागे अडकून हेड मोडतं. खरी कॅसेट पहिल्यांदा लावाल तेव्हाच संगणकावर रेकॉर्डिंग चालू असू द्या. फीत दुसऱ्यांदा साथ देईलच असं नाही. चित्राचा आकार ७२० बाय ५७६ पिक्सेल आणि वेग सेकंदाला २५ फ्रेम ठेवा. डीव्ही या डिजिटल व्हिडिओ स्वरूपात तासाला सुमारे १३ जीबी लागतात. तुमचा व्हीसीआर नीट चालत नसेल तर लग्नाचं शूटिंग करणाऱ्या जुन्या मंडळींकडे विचारा.

प्रश्न : कॅसेटवर चित्रपट पूर्ण आहे की कापलेला, हे कसं ओळखायचं? (सातारा)

उत्तर : सुरुवातीच्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर लांबी मीटरमध्ये दिलेली असते. ३५ मिमी फिल्म मिनिटाला सुमारे २७.४ मीटर धावते. म्हणजे ३,८०० मीटरचा चित्रपट १३९ मिनिटांचा. पण थिएटरात सेकंदाला २४ फ्रेम आणि आपल्याकडच्या टीव्ही-व्हिडिओच्या पॅल पद्धतीत २५. त्यामुळे तोच चित्रपट कॅसेटवर साधारण १३३ मिनिटांत संपतो आणि गाणीही किंचित चढ्या सुरात लागतात. सहा मिनिटांचा हा फरक कापाकापीचा नव्हे. मात्र मध्ये घातलेल्या जाहिराती वजा करून ११८च मिनिटं उरत असतील, तर पंधरा मिनिटं गेलेली आहेत. विनोदी चित्रपटाचं यात फार नुकसान होतं. आधीची पेरणी कापली गेली की पुढचा हशा पिकतच नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं चित्रपटच फसला. म्हणून कॅसेटवरून निकाल देण्याआधी हा हिशेब कराच.

प्रश्न : कॅसेटवरचा असा चित्रपट गणेशोत्सवात मंडळापुढे दाखवला तर चालेल?

उत्तर : निर्मात्याची किंवा सध्याच्या हक्कधारकाची लेखी परवानगी हवी. चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या चित्रपटाचा अजून शाबूत आहे. निर्मात्याचं नाव श्रेयनामावलीत असतंच. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात याची फिल्म आहे का, हेही विचारा. नसेल तर तुमच्या कॅसेटबद्दल त्यांना जरूर कळवा.